भिंतीकडची बाजू

अक्ताऊ,
रविवार, ४ ऑक्टोबर २००९

प्रिय इसाक काका आणि तीना काकू,

प्रभूच्या नावात तुम्हा दोघांना सलाम. मी जिवंत आहे, जेवतो आहे, दात शाबूत आहेत. आईला हेच फोनवर सांगतो. तुम्ही फोन हातात धरत नाही, म्हणून तुमच्यासाठी कागद. अक्षराला हसू नका. सातवीतून निघालो तेव्हापासून पाइपावर खडूने मापं लिहितो, बाकी काही नाही.

इथे वारा आहे. म्हणजे वाराच आहे, बाकीचं त्याच्या मधेमधे. एका बाजूला समुद्र, तीन बाजूंना ओसाड माळ आणि उंट. शहरात रस्त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. अमुक वस्ती, अमुक इमारत, अमुक दार. पहिल्या महिन्यात मी दोनदा दुसऱ्याच्या दारात किल्ली घालत उभा होतो. पिण्याचं पाणी समुद्रातलं मीठ काढून केलेलं, त्याच्या चहाला आपल्या ओढ्याच्या चहाची सर नाही. तीन वेळा राहायची जागा बदलली. कारण काही नाही, बसवत नाही एका ठिकाणी.

काम पाइपलाइनवर, वेल्डिंगचं. आमचा मुकादम रिनात म्हणून तातार आहे, त्याची जीभ कानशीसारखी. पहिल्या दिवशी माझा जोड बघून म्हणाला, "कुणी शिकवलं रे?"

मी म्हटलं, आमच्या गावच्या इसाक नॉयफेल्ड काकांनी.

"त्यांना माझा सलाम सांग. आणि सांग, शिकवलंय चांगलं, पण पोराच्या बुडाला खिळे आहेत."

सांगितलं. इथे प्रत्येक जोडाचा फोटो काढतात, दवाखान्यात हाडाचा काढतात तसा. वरून कितीही देखणा असला तरी आतली हवा काळी दिसते. माझे अजून एकदाही परत आले नाहीत. हे तुम्हाला कळावं असं वाटलं.

घेवडा झोडून झाला का? यंदा पाऊस मधेच आला, असं आई म्हणाली. तुमचा हात कसा आहे? बोटं पूर्ण मिटतात का? काकू अजून तुमची बटणं लावून देतात म्हणे. बॉयलरची किल्ली पाळक गेरहार्टांच्या थोरल्याकडेच आहे का? असू दे म्हणा. तुमचंही वय झालं. पहाटे उठून प्रार्थनाघर तापवायचं, त्यापेक्षा पडून राहावं. हे वाक्य मी लिहायला नको होतं, पण खोडलं तर कागद घाण दिसेल.

आता मूळ काम. इथे प्रभूची एक मंडळी आहे. दाऊलेत भाऊ म्हणून कझाक आहेत, टायरचं पंक्चर काढतात, त्यांच्या घरी उपासना असते. पंधरा माणसं, कधी अकरा. मी गेलो त्या पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "भाऊ, कुठून?" मग मी आपल्या रीतीप्रमाणे उभा राहिलो आणि म्हणालो, तलासच्या खोऱ्यातल्या आमच्या मंडळीचा तुम्हाला सलाम. सगळे एका आवाजात म्हणाले, "प्रेमाने स्वीकारतो. आमचाही न्या." तर तो तुम्हाला पोचवतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर मोडतात, मागून द्राक्षरसाचा प्याला फिरतो. नवीन माणसाला घरच्या मंडळीचं पत्र असल्याशिवाय देत नाहीत, आपल्यासारखंच. एप्रिलपासून प्याला माझ्या हातात येतो आणि मी न पिता पुढच्याच्या हातात देतो. आजही दिला. काही बोलत नाहीत, पण सात वेळा झालं. तेव्हा पाळकांना सांगून एक पत्र पाठवायला लावा, की कोर्नेलियुस आमचा सभासद आहे आणि त्याच्यावर कुणाचं बोट नाही. दोन भावांची साक्ष लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातला एक, ज्याने मला काम करताना पाहिलंय. म्हणजे तुम्हीच.

घाई नाही. आहेही थोडी.

तुमचा
कोर्नी


अक्ताऊ,
रविवार, ८ नोव्हेंबर

प्रिय इसाक काका,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी लिहायला तुम्हाला किती वेळ लागला असेल ते अक्षरावरून दिसतं. "हात बरा आहे. घेवडा पोत्यांत भरला. प्रार्थनाघर यंदा थंड राहतं, बाया शाली पांघरून बसतात. पाळकांना विचारतो. तिथे प्रार्थना कशी करतात ते लिही."

थंड राहतं हे तुम्ही कशाला लिहिलंत? नाही, लिहिलंत ते बरं केलंत.

प्रार्थना कशी करतात. काका, पहिले दोन महिने मी रागातच होतो. आपल्याकडे कसं, आत पाऊल टाकलं की आवाज खाली. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, कुणी खोकला तरी रुमालात. प्रार्थनेला उठायचं किंवा गुडघे टेकायचे, आणि शब्द असे की रविवारचा सदरा. इथे गालिच्यावर मांडी घालून बसतात. पोरं माणसांच्या अंगावरून चढतात. एक ट्रकवाला आहे, तो म्हणाला, "देवा, बायकोने ढकललं म्हणून आलो. मला झोप येते आहे. तरी आलोय, एवढं लिहून घे." आणि सगळे हसले. उपासनेत.

बाहेर आल्यावर मी दाऊलेत भाऊंना धरलं. म्हटलं, आमच्याकडे देवाशी असं बोलत नाहीत.

"मग कसं बोलता?"

"शब्द निवडून. तो राजा आहे."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण त्या बिचाऱ्याकडे तेवढेच शब्द होते. त्याने बाजारातून आणायचे का?"

"निदान हसायचं तरी नाही."

"हसलो ते चुकलंच आमचं," ते म्हणाले, आणि टायर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला लागले.

पुढच्या रविवारी मला म्हणाले, कोर्नी भाऊ, तुम्ही प्रार्थना करा, तुमच्या रीतीने. मी उठलो. तुम्हाला माहीत आहे मला येते. शाळा नाही आली, पण ही येते. आजोबांकडून ऐकलेली वाक्यं आपोआप लागतात एकामागे एक, चांगल्या हाताने टाके पडावेत तशी. बायका डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं, आता कळलं असेल यांना आदर म्हणजे काय.

तिथे बाल्झिया आपा म्हणून म्हातारी आहे, सत्तरीची. चहा ओतता ओतता मला म्हणाली, "पोरा, जेवणाचा दस्तरखान फार सुंदर मांडलास. आता वाढ की काहीतरी."

मी चहा तसाच टाकून उठलो. दोन रविवार गेलोच नाही. समुद्रावर चालत राहिलो. वाऱ्याने पुढे जाता येत नाही आणि उभंही राहवत नाही, तसं चालणं.

तिसऱ्या रविवारी गेलो तो तिला ऐकायलाच, की बघू या ही काय वाढते. काका, ती आधी हात धुते. घरून निघताना नाही, तिथे आल्यावर, दारातल्या तस्तात, मनगटापर्यंत. मग पांढरा धुतलेला रुमाल काढून डोक्याला बांधते, येताना बांधलेला घडी करून ठेवते. गुडघे दुखतात तरी टेकते, एक, मग थांबून दुसरा. तळवे उघडे धरते. आपल्या आजीबायांपेक्षा कणभर कमी नाही. आणि मग म्हणाली, "प्रभू, परवा सुनेच्या हातून दूध सांडलं. तोंडाने मी काही बोलले नाही. पण मनात तिच्या मेलेल्या आईवरून शिवी दिली. तू ऐकलीस. मला लाज वाटते. ती इथेच बसली आहे, म्हणून तिच्यासमोरच सांगते."

कुणी हसलं नाही. ट्रकवालाही नाही. पोरंसुद्धा गप्प झाली. आपल्या प्रार्थनाघरात मी लहानपणापासून शांतता ऐकत आलोय, पण ही तशी नव्हती. आपल्याकडे सगळे गप्प असतात. इथे सगळे हजर होते. मला नीट लिहिता येत नाही.

सून हळूच म्हणाली, "मला कळलं होतं, आई. तुमच्या मानेवरून कळतं." मग आपाने तळवे तोंडावरून फिरवले आणि म्हणाली, "मान झाकायला पाहिजे." तेव्हा हसले सगळे, आणि तेव्हा मलाही राग आला नाही.

त्या दिवसापासून मला जानेवारीतला तो रविवार आठवतो. नाही, आठवतो तर रोजच. बायांच्या बाजूचा भिंतीलगतचा पाइप फुटला तो. दुसरं गीत चाललं होतं. वाफ, किंकाळ्या, आणि तुम्ही बाकांवरून उड्या मारत झडप बंद करायला धावलात, त्या वयात. उजवा हात तसाच उकळत्या पाण्यात. मग फेब्रुवारीचा पहिला रविवार. भाकर मोडण्याआधी पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाच्या मनात काही आहे का. तुम्ही फडकं गुंडाळलेल्या हाताने उठलात आणि म्हणालात, "थंडी फार होती. मी कोळसा जास्त घातला असेल. माझ्यामुळे बहिणींच्या जिवावर बेतलं असतं. मंडळीने क्षमा करावी." पाळक म्हणाले, क्षमा आहे, पण किल्ली आता तरुण हातात द्यावी. तुम्ही डाव्या हाताने खिशातून काढून दिलीत. पंचवीस वर्षांची किल्ली.

आणि त्यानंतर मी उठून प्रार्थना केली. ती सगळ्यांना आठवते. आई अजून फोनवर सांगते, लोक तुझ्या त्या प्रार्थनेबद्दल बोलतात म्हणून.

खिडकी वाजते आहे, कागद उडतो आहे. थांबतो.

पत्राची घाई करू नका म्हणावं पाळकांना. नाहीच दिलं तरी चालेल.

कोर्नी


अक्ताऊ,
रविवार, ६ डिसेंबर

इसाक काका,

पत्र गुरुवारी आलं. पाळकांची मोहर, सुंदर अक्षर. "बंधू कोर्नेलियुस ड्यूक हा कामात चोख व प्रार्थनेत नम्र असून त्याजवर मंडळीत कुणाचे काही म्हणणे नाही." खाली दोन साक्षीदार. एक पाळकांचा थोरला. दुसरे तुम्ही. तुमची सही मी लहानपणापासून ओळखतो, कामाच्या वहीत असायची, सरळ रेघ आणि शेवटी एक वळसा. ही तशी नाही. ही त्या हाताने केली आहे.

गुरुवारपासून झोप नाही, आणि कामावर दोन जोड परत आले. रिनात फोटो उजेडासमोर धरून म्हणाला, "हवा आहे आत. काय, प्रेमात पडलास का?" मी म्हटलं, नाही. "मग घासून काढ आणि पुन्हा कर. जोड प्रेमात असला तरी चालत नाही."

आता लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा वाऱ्याबद्दल लिहायला लागेन.

तो पाइप मी जोडला होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कसा जोडला, हे कुणाला ठाऊक नाही. मागच्या वर्षीच्या सप्टेंबरात, कापणीच्या सणाआधी पाळकांना नवा पाइप लावून हवा होता. तुमची कंबर धरली होती, तुम्ही मला म्हणालात, "तू कर. पुढची बाजू कुणीही करतो. भिंतीकडची बाजू आरसा लावून, त्यात बघून कर." आरसा तुमच्या घरी होता. दोनशे पावलं. मला त्या दिवशी नदीवर जायचं होतं. पोरं वाट बघत होती, मासे लागत होते म्हणे. एवढंच कारण. मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी पुढची बाजू केली, देखणी केली. मागची हाताच्या अंदाजाने तीन ठिकाणी चिकटवली, आणि वरून शेंदरी रंगाचा जाड थर दिला. पाणी भरलं. गळलं नाही. मला वाटलं, देवानेच चालवून घेतलं. तुम्ही संध्याकाळी काठी टेकत आलात, पुढून हात फिरवलात आणि म्हणालात, "शाब्बास." त्या शाब्बासकीवर मी मासे खाल्ले.

कोळसा जास्त नव्हता, काका. तुम्ही पंचवीस वर्षांत कधी जास्त घातला नाहीत. तुम्ही जे पाप केलं नाही त्याची मंडळीपुढे क्षमा मागितलीत, कारण आपली रीतच आहे, शंका आली तरी उठायचं. आणि ज्याला शंका नव्हती, पक्कं ठाऊक होतं, तो तिसऱ्या बाकावर बसला होता.

मी उठलो होतो ते खरं सांगायलाच. हे तुम्ही मानलं नाहीत तरी चालेल. पण उठलो तसे सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. केवढी शांतता. मला वाटलं, एवढ्या पवित्र ठिकाणी ही घाण कशी काढू. आणि तोंडातून चांगले शब्द निघाले. की प्रभू, तू अग्नीतून आणि पाण्यातून आम्हाला पार नेलंस. की थकलेल्या सेवकाला विसावा दे. थकलेला सेवक म्हणजे तुम्ही. तीना काकू रडल्या. बाहेर येऊन त्यांनी माझ्या कपाळाचा मुका घेतला.

तोही शेंदरी रंगच होता.

मार्चात मी निघालो तो मंगळवारी, सकाळच्या बसने. रविवारी मंडळीला सांगून निघतात, निरोपाची प्रार्थना होते, सलाम बरोबर देतात. मला कुणीच सलाम दिला नव्हता. इथे उभा राहून मी जो पोचवला तो मी रस्त्यात बनवलेला होता. यांनी तो प्रेमाने स्वीकारला.

आज इथे भाकरीचा रविवार होता. दाऊलेत भाऊंनी हात पुढे केला, "आलं ना पत्र?" मी पाकीट छातीशी धरून उभा राहिलो. म्हटलं, आलंय, पण ते माझं नाही. आधी मी दारातल्या तस्तात हात धुतले. का ते ठाऊक नाही, आपाचं पाहून. मग गुडघे टेकले आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. वाक्यं लागत नव्हती. दोनदा नाक पुसलं. नदीचं आणि माशांचंही सांगितलं. ट्रकवाल्याने विचारलं, "कोणते मासे?" त्याला बायकोने कोपर मारलं.

मग दाऊलेत भाऊ म्हणाले, "भाकर घेणार का? आम्ही देऊ."

मी म्हटलं, नाही. माझ्यामुळे ज्यांच्या हातून ती गेली त्यांना आधी विचारतो.

तुम्हीही त्या फेब्रुवारीत भाकर घेतली नव्हतीत. मी बघितलं होतं. प्याला डाव्या हाताने पुढे दिलात. मी घेतली होती.

आता माझं मागणं. हे पत्र पाळकांकडे द्या. जानेवारीच्या पहिल्या रविवारी, भाकर मोडण्याआधी, ते मोठ्याने वाचावं. त्यांना म्हणावं, काही गाळू नका आणि भाषा सुधारू नका, नदीचंही वाचा. मी स्वतः येऊन बोललो असतो, पण उभा राहिलो की पुन्हा सुंदर बोलेन, माझा भरवसा नाही. कागदावर माझं अक्षर वाईट आहे, ते बरं. वाचत असताना तुम्ही बसून राहा. काहीही झालं तरी उठू नका. तुमची सवय मला माहीत आहे, तुम्ही उठून माझी बाजू घ्याल. नका घेऊ.

किल्ली तुम्हाला परत द्यावी. हे मी मागत नाही, मंडळीला सांगतो आहे. बाया शाली पांघरून बसतात ते माझ्यामुळे.

पाळकांचं साक्षपत्र सोबत परत पाठवतो. कुणाला दाखवलं नाही, फक्त उघडून वाचलं. त्यावरची तुमची सही मी बराच वेळ बघत बसलो होतो. एक विचारू का? जुना पाइप कापून बाहेर काढला तेव्हा तुमचा हात फडक्यात होता, डोळे नव्हते. तुम्ही भिंतीकडची बाजू बघितली होती का? बघून सही केलीत, की न बघता? दोन्हीपैकी कोणतं मला जास्त जड जाईल ते मी ठरवू शकलेलो नाही. आत्ता सांगू नका.

मार्चमध्ये माझा कामाचा करार संपतो. घरी येतो. आईला हे पत्र वाचायच्या आधी काकूंनी जवळ बसवून सांगावं, एवढी मेहेरबानी करावी. आरसा मी स्वतःचा घेतला आहे, लहान, लांब दांडीचा. मंडळी म्हणाली तर सगळे जोड पुन्हा तपासतो. नाही म्हणाली तर बाहेर लाकडं फोडीन.

निघताना आपाने मला दारात थांबवलं. म्हणाली, "तुमच्यात सलाम नेतात ना? मग आमचा ने. हा आम्ही खरंच देतो आहोत, नीट मोजून घे." आणि सगळ्यांना उठवलं. तेव्हा अक्ताऊच्या मंडळीचा तुम्हा सगळ्यांना सलाम. चौदा जण उभे होते, आणि पंधरावं तान्हं, सुनेच्या कडेवर, झोपलेलं.

तुम्ही तो स्वीकारलात की नाही, एका ओळीत कळवा. नाही स्वीकारला तरी.

तुम्ही शिकवलेला,
कोर्नेलियुस